बंद पडलेली ट्रॉली कुणाची?



लागण, खोडवा, खते, पाचट हे आमच्या शेती खात्याचे नेहमीचे विषय. या वेळी मात्र फडापासून गव्हाणीपर्यंतच्या रस्त्याबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात. उसाच्या उभ्या ट्रॉलीवर रात्री पाठीमागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या हंगामात साखरपट्ट्यात वाचायला मिळतात. मग पहिला प्रश्न निघतो, "ट्रॉली कुणाची?" मालक ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, ड्रायव्हर टायरकडे, आणि बाकीचे म्हणतात, वाहन ठेकेदाराचे. माझे मत असे की, ट्रॉली कुणाचीही असो, तिच्यातला ऊस आपला आहे. तेव्हा जबाबदारीचा वाटाही आपल्याला उचललाच पाहिजे.

टायर फुटला की आपण नशिबाला दोष देतो. पण बहुतेक वेळा ते नशीब नसते, हयगय असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, टायर आतून तापतो आणि आतली वीण तुटते. त्यावर जादा भर घातली की तो जाणारच. जोडटायरांपैकी एक बसला तर त्याचा सगळा बोजा शेजारच्यावर येतो आणि थोड्या वेळात तोही बसतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, मीटर लावून पाहावी. लाथ मारून हवा कळत नाही. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडू नये. जोडटायरांत अडकलेला दगड खेप निघण्याआधी काढावा. ट्रकचा उतरलेला टायर ट्रॉलीला आणि ट्रॉलीचा उतरलेला बैलगाडीला, ही रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. पण नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ट्रक-ट्रॅक्टरला कायद्यानेही चालत नाही.

आता गाडी बंद पडलीच तर? पहिले काम जॅक काढण्याचे नव्हे, मागच्याला सावध करण्याचे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे येते. चाकाजवळ ठेवलेली झाडाची फांदी दिसेपर्यंत ती गाडी अंगावर आलेली असते. लाल चमकणारा त्रिकोण निदान ७० पावले मागे ठेवावा, मोठ्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. शक्य तर गाडी डांबराच्या खाली घ्यावी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, नट जॅक लावण्याआधी सैल करावेत, मुरमात जॅकखाली जाड फळी घ्यावी. भरलेल्या ट्रॉलीखाली शिरू नये, तिच्या आडोशाला झोपू नये. तोडणीची बायका-पोरे बरोबर असतील तर त्यांना रस्त्यापासून लांब बसवावे. आणि निघताना चाकाला लावलेले दगड उचलावेत! तो दगड मागून येणाऱ्याचा काळ ठरतो. कुणी जखमी झालेच तर १०८ ला फोन करावा.

हंगामाच्या आरंभी रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. चांगलेच आहे. पण पुढे त्याच पट्टीवर चिखल बसतो, आणि बाहेर आलेल्या उसाने ती झाकली जाते. मागचा दिवा तर कित्येक ट्रॉल्यांना नसतोच. म्हणून माझ्या सूचना अशा: ट्रॉलीची मागची बाजू दर पंधरवड्याला काट्यावरच तपासावी, दिवा, पट्टी आणि त्रिकोण नसेल तर पुढच्या खेपेची स्लिप देऊ नये, आणि रात्री बंद पडलेल्या वाहनासाठी कारखान्याने एक दुरुस्ती गाडी फिरती ठेवावी.

यावर कुणी म्हणेल, खेपा कमी होतील, ऊस वाळेल. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला यावा हे आम्हीच सांगतो, आणि ते खरे आहे. उशीर झाला की वजन घटते, उतारा घटतो. पण ती घट पुढच्या हंगामात भरून काढता येते. घरचा कर्ता मुलगा गेला तर ती घट कोणत्या हंगामात भरून निघणार? आणि ठेकेदाराला "अजून दोन मोळ्या टाक" असे बांधावर उभे राहून सांगणारे पुष्कळदा आपणच असतो, हेही विसरू नये.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा ठिकाणी वाहन किंवा ट्रॉली सोडून जाणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याची वाट कशाला पाहायची? त्या रस्त्याने आपलीच मुले कॉलेजातून, पाळीवरून, लग्नाहून घरी येतात. आपल्या फडातून निघणाऱ्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागतो की नाही, एवढे प्रत्येक सभासदाने पाहावे, ही कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी