रुळाची तपासणी होते, डोळ्याची का नाही?
भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होणारे रूळ श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासले जातात. आतली भेग बाहेरून दिसत नाही, हे तिथे सर्वमान्य आहे. केराटोकोनसमध्ये पातळ होऊन शंकूसारख्या फुगणाऱ्या कॉर्नियाबाबत मात्र हे शहाणपण विसरले जाते. क्रॉस-लिंकिंग झाले की आजार संपला, असा समज बातम्या पसरवतात. वस्तुतः रायबोफ्लेविन आणि अतिनील किरण कॉर्नियाचे तंतू बळकट करून विकाराची वाढ रोखतात. तो पुसून टाकत नाहीत. पहिल्या महिन्यात वक्रता उलट वाढलेली दिसू शकते; धूसरपणामुळे शाइम्फ्लुग यंत्र जाडी प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. म्हणून घाईने काढलेल्या एका प्रतिमेवरून यशापयश ठरवणे अशास्त्रीय होय. ओसीटीवर सुमारे ३०० मायक्रॉन खोलीवर दिसणारी सीमारेषा उपचार कुठवर पोचला याचा अंदाज देते. विकार थांबला का, हे त्याच यंत्रावर वर्षभर घेतलेल्या प्रतिमांच्या तुलनेतूनच कळते. मध्य भारतात हा विकार दुर्मीळ नाही: नागपूरनजीकच्या खेड्यांतील पाहणीत वक्रतेच्या निकषावर तिशीपुढील २.३ टक्के लोकांत तो आढळला. म्हणून उपचाराच्या खर्चातच पुढील वर्षाच्या तपासण्या धरल्या पाहिजेत. त्या रुग्णाच्या ऐपतीवर सोडणे म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणे.