तीच धून परत? मग काय झालं!

‘दादा, सेकंड पार्टमध्ये पण तेच म्युझिक! कॉपी-पेस्ट मारलंय यार.’

३१ ऑक्टोबर २०२५ला ‘बाहुबली’चे दोन्ही भाग जोडून केलेला ‘बाहुबली : द एपिक’ थिएटरात आला. जवळपास पावणेचार तासांचा सिनेमा बघून बाहेर पडताना माझ्या चुलतभावाने हे वाक्य टाकलं. पहिला भाग १० जुलै २०१५ला आला, तेव्हा हा पठ्ठ्या पहिलीत होता. त्यामुळे ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं?’ या एका प्रश्नावर आख्ख्या देशाने २८ एप्रिल २०१७पर्यंत कशी कळ काढली, हे त्याला माहीत नाही. त्याने दोन्ही भाग सलग पाहिले आणि निकाल देऊन मोकळा झाला.

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. सिक्वेल आला की तो आधी गाण्यांची तुलना करतो आणि मग पार्श्वसंगीतावर घसरतो. नवीन असेल तर ‘पहिल्यासारखा फील नाही’, आणि जुनी धून परत आली तर ‘नवीन काही सुचत नाही का?’ बिचाऱ्या संगीतकाराने करायचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. सिक्वेलमध्ये जुनी धून परत येणं म्हणजे आळस नव्हे. ती परत यायलाच हवी. ती कशी परत आली, हे मात्र आपण कान देऊन ऐकायला हवं.

‘बाहुबली’चंच घ्या. पहिल्या भागातला पुतळ्याचा सीन आठवतोय? भल्लालदेवाचा अवाढव्य सोनेरी पुतळा दोरखंडांनी उभा करताहेत. तो कोसळायला येतो, शिवुडू धावतो, दोर धरतो. तेवढ्यात एका गुलामाला त्याचा चेहरा दिसतो आणि त्याच्या तोंडून नाव निघतं. एकाचे दोन, दोनाचे हजार. बघता बघता सगळा जमाव ‘बाहुबली’ असा घोष करू लागतो. आपल्याला तेव्हा काहीच माहीत नसतं, तरी अंगावर काटा येतो.

आता दुसऱ्या भागातला इंटरव्हलच्या आधीचा सीन. राज्याभिषेक भल्लालदेवाचा. बाहुबली सेनापतीपदाची शपथ घेतो आणि प्रजा त्याच्या नावाचा असा काही गजर करते, की सिंहासनावर बसलेल्याचा चेहरा उतरतो. घोष तोच, नाव तेच. पण गोष्टीच्या क्रमाने पाहिलं तर हा प्रसंग आधीचा! वडिलांच्या वेळचा. म्हणजे पहिल्या भागात आपण ऐकला तो प्रतिध्वनी होता. मूळ आवाज आपल्याला दोन वर्षांनी ऐकू आला. त्या गुलामाला नेमकं काय आठवलं होतं, ते आपल्याला तेव्हा कळलं. याला कॉपी-पेस्ट कसं म्हणणार? इथे वेगळी धून आणि वेगळा घोष आला असता तर निम्मी गंमत गेली असती.

आपल्याला हे काही नवीन नाही. नारदीय कीर्तन कधी ऐकलंय? बुवा सुरुवातीला एक अभंग घेतात. पूर्वरंगात त्याचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं आणि शेवटी गाडी परत त्याच अभंगावर येते. शब्द तेच, चाल तीच, पण मधल्या आख्यानामुळे आता तो वेगळाच लागतो. ‘बुवा, हा तर मघाशीच झाला’ असं मंडपात कोणी ओरडत नाही.

गंमत म्हणजे हा वाद ऑस्करपर्यंत गेलाय. सिक्वेलचं संगीत ‘ओरिजिनल स्कोअर’च्या स्पर्धेत उतरवायचं तर त्यातलं किमान ८० टक्के नवीन हवं, असा ऑस्करवाल्यांचा नियम आहे. पहिल्या ‘ड्यून’साठी ऑस्कर मिळवणारे हान्स झिमर २०२४च्या ‘ड्यून : पार्ट टू’साठी याच नियमामुळे शर्यतीबाहेर राहिले. एकच गोष्ट दोन भागांत सांगायची, तर तिचं संगीत मध्येच अनोळखी कसं होईल? हॉवर्ड शोअर यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही भागांत धुनांचं एकच जाळं विणलं. पहिल्याला ऑस्कर, तिसऱ्याला ऑस्कर, आणि मधल्या ‘टू टॉवर्स’ला साधं नामांकनही नाही! चाहत्यांना विचारा, त्यांच्या लेखी ते एकच सलग संगीत आहे. इथे मी चाहत्यांच्या बाजूने.

आता एक कबूल करतो. आळशी सिक्वेल असतातच. ढोल दुप्पट केले, आवाज वाढवला, कोरसला ‘आ आ’ करायला बसवलं की झालं ‘एपिक’, असा समज असलेल्यांची कमी नाही. मग फरक ओळखायचा कसा? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. धून परत आली तेव्हा तिचा वेग किंवा वाद्य बदललं का? ती योग्य माणसाच्या वाट्याला आली का, की नुसती हिरोच्या एन्ट्रीला चिकटवली? आणि तिच्यामुळे मागचं काही आठवलं का? तिन्हीला ‘नाही’ असेल तर खुशाल शिव्या घाला. मीही घालीन.

पण त्यासाठी आधी ऐकायला तर हवं. मी भिवंडीचा. आमच्याकडे लूमची खटखट इतकी सवयीची, की ती ऐकूच येत नाही. लाईट गेली, लूम थांबले, की एकदम कळतं, अरे, इतका वेळ आवाज होता! पार्श्वसंगीताचं तसंच आहे. पटत नसेल तर तो राज्याभिषेकाचा सीन मोबाइलवर म्यूट करून बघा. नुसती गर्दी हात हलवताना दिसेल.

आणि एक गोष्ट मला भिवंडीनेच शिकवली. पद्मानगरमध्ये आमची तेलुगू मंडळी मोठ्या संख्येने राहतात, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातली. तिथल्या माझ्या मित्राने ‘बाहुबली’ तेलुगूत पाहिला, मी हिंदीत. संगीतकार एम. एम. कीरवाणी त्याच्यासाठी घरचे, राजामौलींच्या सगळ्या सिनेमांना संगीत देणारे. मला मात्र फार उशिरा कळलं, की ‘जख्म’ आणि ‘जिस्म’चे एम. एम. क्रीम ते हेच! ‘नाटू नाटू’ला २०२३मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा मित्राने मला पार्टी द्यायला लावली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तर आम्ही दोघं गाण्यांवरून कायम भांडतो. त्याच्या मते हिंदी शब्दांत ती मजा नाही. माझ्यासाठी कैलाश खेर आणि दलेर मेहंदी म्हणजेच ‘बाहुबली’. पण तो घोष सुरू झाला, ढोल-झांजा आणि व्हायोलिनचा ताफा उसळला, की दोघं गप्प. कारण पार्श्वसंगीत डब होत नाही. मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या आमच्या या गावात ते सगळ्यांना एकसारखंच ऐकू येतं. ऑक्टोबर २०१९मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पडद्यावर ‘बाहुबली’चा पहिला भाग आणि समोर प्रत्यक्ष वाजवणारा ऑर्केस्ट्रा, असा प्रयोग झाला. तिथल्या वादकांनाही तेलुगू यायची गरज पडली नसणार. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीच्या स्टेजवरचा एवढंच माहीत असलेल्या आमच्यासारख्यांना ती बातमी वाचून उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी सिक्वेल बघायला गेलात, की ‘नवीन काय?’ विचारण्याआधी ‘जुनं काय परत आलं आणि कोणासाठी?’ हे विचारून बघा. शेवटी नावं येतात तेव्हा लगेच पार्किंगकडे पळू नका. वादकांची नावं तिथेच असतात.

चुलतभावाला मी हे सगळं रिक्षात ऐकवलं. तो म्हणाला, ‘ठीकाय दादा, पण गाणी पहिल्याचीच भारी.’ त्यावर मात्र मी काही बोललो नाही. तुमचं काय मत?