तडा दिसला, पण दुखते कुठे?

वांद्रे, गिरगाव आणि गोव्यातल्या जुन्या घरांत आजही कितीतरी पियानो उभे आहेत. पावसाळा सरला की त्यांतल्या एखाद्याची मागची बाजू उघडली जाते, लाकडात तडा दिसतो आणि ‘हा कामातून गेला’ असा निकाल लागतो. मग वाद्य भंगारात जाते, नाहीतर मोठ्या दुरुस्तीचा खर्च गळ्यात पडतो. रोज तपासण्यांचे अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो.

आधी तडा जातो ती वस्तू समजून घेऊ. पियानोची तार एकटी असती तर खोलीभर ऐकू आली नसती. एवढी बारीक तार पुरेशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन लाकडी घोडीवाटे साउंडबोर्ड नावाच्या रुंद फळीत उतरते आणि ती फळी हवेला हलवते. सतारीत तबली करते तेच हे काम. ही फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची असते. हे लाकूड वजनाला हलके, पण रेषांच्या दिशेने ताठ असते. आडव्या दिशेचा ताठपणा आणण्यासाठी मागून पट्ट्या चिकटवतात आणि फळीला किंचित कमान देतात. दोनशेहून अधिक तारांचा टनावारी ताण बिडाची चौकट पेलते; घोडीवरून खाली येणारा दाब मात्र ही कमान झेलते.

शत्रू आहे तो हवेतला ओलावा. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, पण पट्ट्या त्याला पसरू देत नाहीत आणि लाकडाच्या पेशी आतल्या आत चिरडल्या जातात. पुढे हवा कोरडी झाली की तीच फळी आकसते आणि रेषेवर उलते. मुंबईत भर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि त्याच खोलीत अधूनमधून एसी लागतो. पियानोला मानवते ती साधारण ४० ते ५० टक्क्यांची आणि मुख्य म्हणजे स्थिर आर्द्रता.

तड्याने आवाज बिघडतो का? बहुतेक वेळा नाही. पट्ट्या घट्ट चिकटलेल्या असतील तर भेगाळलेली फळीही उत्तम वाजते. पट्टी सुटली असेल तर ठरावीक सुरांना झिणझिण ऐकू येते. कमान बसली असेल तर सूर लवकर विरतो. घोडीलाच खिळ्यांपाशी भेग गेली असेल तर सूर स्वच्छ लागत नाही, आणि हे दुखणे फळीच्या तड्याहून गंभीर. उलट पुष्कळदा खरखरीचे मूळ एखादा सैल स्क्रू, आत पडलेले नाणे किंवा पियानोवर ठेवलेली फोटोची चौकट एवढेच असते. झिणझिणणारा सूर वाजवत तड्याजवळ हाताने हलके दाबावे. आवाज थांबला तर जागा सापडली.

उपचारांच्या पायऱ्याही तशाच आहेत. आवाज ठीक असेल तर फक्त आर्द्रता सांभाळावी. पट्टी सुटली असेल तर सरस आणि स्क्रूने ती पुन्हा बसवावी. भेग रुंद असेल तर तीत स्प्रूसचीच पाचर बसवतात. कमानच गेली असेल तर शेवटी फळी बदलणे. त्यासाठी सर्व तारा आणि लोखंडी चौकट उतरवावी लागते. साध्या पियानोच्या बाबतीत हा खर्च वाद्याच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो.

मोठ्या शस्त्रक्रियेची किंमत केवळ पैशांत मोजायची नसते. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७२० मध्ये बनवलेला पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये त्याचा साउंडबोर्ड बदलला गेला. वाद्य वाजते, पण नवे असताना ते कसे वाजत होते, हे आता त्यावरून कळणार नाही.

माणसांच्या बाबतीत आपण असेच वागतो. पाठीच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ हे शब्द दिसले की घर हादरते. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाठीची तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले गेले, त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या किमान एका ठिकाणी असा फुगवटा होता. वय वाढते तशा भेगा पडतात. प्रत्येक भेग म्हणजे आजार नव्हे. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर क्षणाचाही उशीर नको. एरवी केवळ चित्र पाहून शस्त्रक्रियेकडे धावणाऱ्याला आणि धाववणाऱ्यालाही थांबवले पाहिजे.

म्हणून कारागिराला आणि डॉक्टरला तेच तीन प्रश्न विचारावेत. माझी तक्रार या दिसणाऱ्या दोषामुळेच आहे, हे कशावरून? काहीच केले नाही तर काय होईल? याहून लहान उपाय आहे का? उत्तरे मिळेपर्यंत पियानो वाजवत राहावा, आणि धोक्याची लक्षणे नसतील तर पाठीलाही चालते-फिरते ठेवावे.