फडातली कळ आणि शहरातले औषध

मुळा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की सोनईच्या शिवारात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत फडात उतरलेल्या तोडणीवाल्याच्या छातीत कळ आली, तर पित्त म्हणून तो ती सोसतो. खाडा पडला तर मुकादमाची उचल फिटायची कशी? पण या सोसण्यात जाणारे तासच त्याच्या जगण्यामरण्याचा निकाल लावतात.

हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकली की तिच्यापलीकडचा स्नायू मरू लागतो. रक्तप्रवाह खंडित असताना या स्नायूला जपणारे औषध शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे शोधीत आहेत. सायक्लोस्पोरिनवर मोठी आशा होती. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत ती फोल ठरली. तेव्हा खरे संरक्षण एकच, गुठळी लवकर विरघळविणे. त्याचे औषध नवे नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या, 17,187 रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन एकत्र दिल्याने पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे 42 टक्क्यांनी घटले.

अ‍ॅस्पिरिनची गोळी विडीच्या बंडलाहून स्वस्त आहे. स्ट्रेप्टोकायनेज बनविण्याचे देशी तंत्र चंदीगडच्या सरकारी सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेने जनतेच्या पैशातून विकसित केले. मग अडते कोठे? 2017 साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु स्टेंट बसविण्याची सोय मोठ्या शहरात, आणि कळ येते ती फडात.

हे इंजेक्शन दिसेल त्याला टोचण्याचे नव्हे, हेही खरे. आधी हृदयाचा आलेख काढावा लागतो, मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो, जाणता डॉक्टर हजर लागतो. मात्र हा धोका पुढे करून औषध शहरात कोंडून ठेवणे म्हणजे दूरच्या माणसाला अधिक मोठ्या धोक्यात लोटणे होय. आलेख आता फोनवरून शहरातील तज्ज्ञाला क्षणात दाखविता येतो.

कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील सरकारी दवाखान्यात जाऊन पाहावे: आलेखाचे यंत्र चालू आहे काय, औषधाचा साठा आहे काय, रात्री डॉक्टर असतो काय. आणि उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर चोख करणाऱ्या साखर कारखान्यांना विचारावे, कोप्यांवरचा माणूस मध्यरात्री कळवळला तर त्याला नेणारी गाडी कोणाची?