तडा बुजवण्याआधी

काँक्रीटला तडा गेला की आधी रुंदी मोजली जाते. दुरुस्तीची पद्धत मात्र ठरते ती तडा का पडला आणि तो अजून हलतो आहे का, यावर. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात साधारण घटकांसाठी ०.३ मिमी, ऊनपाऊस किंवा जमिनीतल्या ओलाव्याशी संबंध असेल तिथे ०.२ मिमी आणि तीव्र परिस्थितीत ०.१ मिमी अशी मर्यादा आहे. पण ती संकल्पनासाठी आहे. तेवढ्यावरून इपॉक्सीचा डबा फोडणे घाईचे ठरते.

तडा हलतो की थांबला, हे कळण्याचा जुना उपाय अजूनही स्वस्त आणि चोख आहे: तड्यावर आडवी काचपट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहायची. पट्टी फुटली तर तडा जिवंत. सांधा न ठेवलेल्या लांबलचक छज्ज्यावरचे आडवे तडे बहुधा असेच असतात. उन्हाने ते मिटतात, गारव्याने उघडतात.

थांबलेल्या तड्यात इपॉक्सी इंजेक्शन उत्तम. तडा कोरडा व स्वच्छ हवा. वरून तोंड बंद करून नोझल बसवायच्या, उभ्या तड्यात सर्वांत खालच्या नोझलपासून सुरुवात करायची आणि वरच्या नोझलमधून राळ बाहेर आली की खालची बंद करून पुढे सरकायचे. जिवंत तड्यात हेच केले तर इपॉक्सी टिकते, काँक्रीट शेजारीच पुन्हा फुटते. कारण काँक्रीट ताणाला इपॉक्सीपेक्षा कितीतरी कच्चे. तिथे खाच कापून लवचीक सिलंट भरावे लागते. सिलंट खाचेच्या तळाला चिकटता कामा नये, म्हणून आधी तळाशी पट्टी टाकतात. साइटवर नेमकी हीच पट्टी विसरली जाते. पाणी झिरपत असेल तर पाण्याशी संयोग पावून फुगणारे पॉलियुरेथेन घ्यावे.

मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत मोठा प्रश्न सळईलगतच्या तड्यांचा. बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत तडा, तांबूस डाग, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि आवरण ढकलून काढतो. इथे तडा हे नुसते लक्षण. तो भरल्याने आतला गंज थांबत नाही. आधी टेकू द्यावेत. मग सैल काँक्रीट फोडून सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळे करावे, गंज पूर्ण घासून काढावा, सळई बारीक झाली असेल तर जोडसळई द्यावी आणि पॉलिमर मॉर्टरने आवरण पुन्हा उभारावे. फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडल्यास गुलाबी न होणारे काँक्रीट कार्बोनेशनने निकामी झालेले समजते. क्षाराचा मारा मात्र या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी नमुने काढून क्लोराइडचे प्रमाण तपासावे लागते. क्षारयुक्त काँक्रीट कडेला तसेच राहिले, तर ठिगळाच्या काठानेच सळई पुन्हा गंजू लागते.