कागद कोणाचा?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

सात रस्त्याला उतरलेला परगावचा माणूस हमखास विचारतो, "स्टेशनचा रस्ता कोणता?" टपरीवरचा माणूस हातातले काम टाकून त्याला रस्ता दाखवतो. "तुम्हाला कशाला हवा?" असे त्याने उलट विचारल्याचे मी कधी ऐकलेले नाही. मग सरकारी कचेरीत आपण आपल्याच कागदाविषयी विचारले, की हाच प्रश्न सर्वांत आधी का येतो?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते. आईला सही करता येते, पण अर्ज लिहिता येत नाही. त्यामुळे बारावी झाल्यापासून आमच्याच काय, शेजारपाजारच्या घरांतलेही कागद माझ्याकडे येतात. रेशनकार्ड, जन्माचे दाखले, घरपट्टीची बिले, बँकेची पत्रे! "ही कॉलेजात आहे, हिला कळतं," असे लोक म्हणतात. खरे सांगायचे तर मला फारच थोडे कळत होते. जे कळले ते आईच्या एका अर्जापायी.

आईने घरकुलासाठी एका कचेरीत अर्ज दिला होता. त्या कचेरीचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर आम्ही चौकशीला गेलो, तेव्हा "यादीत नाव नाही" एवढेच तोंडी सांगण्यात आले. का नाही, हे कोणी सांगेना. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण हसत म्हणतो. पण विडीची मजुरी बुडवून चार वेळा खेटे घालणाऱ्या बाईला त्यात हसण्यासारखे काही नसते. पाचव्या वेळी मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून आईच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज दिला. दोनच गोष्टी मागितल्या : आईच्या अर्जावर काय शेरा आहे, आणि मंजूर झालेल्यांची यादी.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. शेरा असा होता की, अर्जातील नाव व रेशनकार्डातील नाव जुळत नाही. एका कागदावर आईच्या नावापुढे 'बाई' लागले होते, दुसऱ्यावर नव्हते. दोन अक्षरांपायी आमचे घर अडले होते! यादी मात्र मिळाली नाही. ती 'वैयक्तिक माहिती' असल्याने देता येत नाही, असे कळविण्यात आले.

हे 'वैयक्तिक' प्रकरण काय आहे, ते मी ग्रंथालयात बसून वाचून काढले. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ सालीच केला. त्यासाठी अण्णा हजारे यांना उपोषणे करावी लागली. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. माहिती कशासाठी हवी याचे कारण नागरिकाने सांगण्याची गरज नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कलम ८ मध्ये खाजगी माहितीला संरक्षण होतेच. परंतु त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगी जीवनावर विनाकारण आक्रमण होत असेल, तरच ती नाकारता येत असे. शिवाय, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असे एक सुंदर वाक्य तेथे होते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या अटी काढल्या, ते वाक्यही काढले. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण पुरते.

हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. त्याच कायद्यात नागरिकाला स्वतःविषयी साठवलेली माहिती पाहण्याचा आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क, काही मर्यादांसह, दिलेला आहे. पण ती कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायची ठरली. म्हणजे कचेरीच्या हाती ढाल लगेच आली, आणि नागरिकाने मात्र वाट पाहायची!

त्याच आठवड्यात भावाने शेंगदाण्याची पुडी आणली. पुडीचा कागद उलगडला तर तो कुठल्या तरी अर्जाची झेरॉक्स निघाला. एका अनोळखी बाईचा फोटो, आधार क्रमांक, मोबाईल नंबर, सगळे त्यावर होते. मागणाऱ्याला जी माहिती वैयक्तिक म्हणून मिळत नाही, ती रद्दीच्या भावाने गल्लीत फिरते! हे कसले संरक्षण?

काही जण म्हणतील, "तुझे नाव, तुझा नंबर चारचौघांत गेला तर चालेल का?" मुळीच चालणार नाही. मुलीचा मोबाईल नंबर भलत्याच्या हाती पडला की काय होते, हे आम्हा मुलींना कोणी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला, त्याचा मला आनंदच आहे. पण खाजगीपणा माणसाचा असतो. सार्वजनिक पैशाच्या वाटपाला कसला खाजगीपणा? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या भरवल्या आणि कामाचे हजेरीपट गावासमोर वाचले. मेलेल्या माणसांच्या नावांवर मजुरी उचललेली निघाली. नावेच वाचली नसती, तर ही चोरी कशी सापडली असती?

यातून मार्ग नाही असे नाही. कायद्याचे कलम १० म्हणते, की जेवढा भाग देता येत नाही तेवढा झाकून उरलेला कागद द्यावा. आधार, बँक खाते, मोबाईल यांवर खुशाल काळी पट्टी मारा. नाव, वॉर्ड आणि मंजुरीचे कारण उघडे ठेवा. कलम ८ (२) प्रमाणे जनहित मोठे असेल तर माहिती आजही देता येते. मी पहिल्या अपिलात हेच लिहिले आहे. निकाल यायचा आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिले पदवीधर आपणच होणार आहोत. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असे कायदा सांगतो. पण तो अधिकारी भेटेपर्यंत ती मदत आपण करायला काय हरकत आहे? प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या पाच घरांचे कागद तपासून नावातल्या चुका दुरुस्त करून दिल्या, तरी कितीतरी खेटे वाचतील. ज्या शहराने १९३० साली मार्शल लॉ सोसला, चार हुतात्मे दिले, त्या शहराच्या मुलांनी खिडकीपाशी दबकत उभे राहावे काय?

आई मला विचारते, "नाव आपलं, कागद आपला, मग आपल्यालाच का दाखवत न्हाईत गं?" राज्यशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न येणार नाही. पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत मी अर्ज करीत राहणार आहे.