चिपाडातून सोन्याचा धूर?



रविवारच्या पुरवणीत ‘चिपाडातून सोने, शेतकरी मालामाल’ असा मथळा वाचला आणि डोके भणभणले. उसाच्या चिपाडावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की ते द्रावणातले सोने धरून ठेवते, हे खरे. जपानच्या सागा विद्यापीठात यावर बरेच काम झाले आहे. तांबे, जस्त, लोखंड पाण्यात तसेच सोडून चिपाड नेमके सोने उचलते, याचे कौतुक मलाही आहे. पण यात शेतकरी मालामाल कुठून झाला?

साधे त्रैराशिक मांडा. एक किलो चिपाड १०० ग्रॅम सोने धरते असे समजा. प्रयोगशाळेतले आकडे याहून मोठेच आहेत. देशात वर्षाला ७००-८०० टन सोने आयात होते. ते सगळेच्या सगळे आम्लात विरघळवून परत गोळा करायचे म्हटले, तरी ८,००० टन चिपाड पुरे. रोज ५,००० टन ऊस गाळणारा एकटा कारखाना एवढे चिपाड सहा दिवसांत बाहेर काढतो. सहा दिवस! बाकीच्या हंगामाचे काय करायचे? शिवाय चिपाड जाते कारखान्याच्या बॉयलरमध्ये. शेतकऱ्याच्या हाताला ते लागतच नाही.

खाणींमध्ये सायनाइडच्या द्रावणातले सोने ओढायला करवंटीचा कोळसा कित्येक दशके वापरतात. त्याने कोकणातला कोणता बागायतदार सराफ झाला?

फायदा व्हायचाच तर आमच्या खानापूर-आटपाडीकडून देशभर पांगलेल्या, सोने गाळून शुद्ध करणाऱ्या गलाई कारागिरांना व्हावा. सोने शुद्ध केल्यावर आम्लाच्या पाण्यात जो अंश उरतो, तो धरायला पोतेभर चिपाडही खूप झाले. पण नायट्रिकचा तांबडा धूर छातीत भरून घेणाऱ्या या पोरांना ते शिकवणार कोण? अख्ख्या लेखात त्यांचे नावही नाही. ‘जुने मोबाइल आम्लात विरघळवावेत’ असे मात्र बिनधास्त लिहिले आहे. ते आम्ल नंतर कोणाच्या ओढ्यात ओतायचे?

आणि मोबाइल तरी आणायचे कुठून? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला. आमच्याकडची घंटागाडी जुना चार्जर ओल्या कचऱ्यातच फेकते. विचारले तर ‘वेगळा डबा नाही’ म्हणतात. आधी तो डबा द्या.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, जि. सांगली